टेंभूचे पाणी आणि महामंडळातला अभियंता

आटपाडी तालुक्यात पाण्यावर बोलणे निघाले की ते शेवटी दोन प्रश्नांवर येऊन ठेपते. टेंभू उपसा योजनेचे आवर्तन कधी सुटणार, आणि ते शेपटापर्यंत पोचणार का? हे प्रश्न विचारले जातात शाखा अभियंत्याला किंवा उपअभियंत्याला, कारण गावात दिसतो तोच. आवर्तन मात्र ठरते कालवा सल्लागार समितीत, वीजबिलाची तरतूद होते मंत्रालयात आणि मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव मंजुरीसाठी जातो पुण्याला, कृष्णा खोरे महामंडळाकडे. उत्तर द्यायचे एकाने आणि ठरवायचे दुसऱ्याने, ही महाराष्ट्रातल्या पाटबंधारे अभियंत्यांची जुनी तक्रार आहे. १९९६ पासून महामंडळे आली तशी ती वाढली. २०१२ मध्ये एका मुख्य अभियंत्याच्या पत्राने ती जाहीर झाली. आज टेंभूच्या विस्ताराची कामे निघाली असताना ती पुन्हा ऐकू येते.

ही तक्रार कितपत खरी आहे, चौकशी करणारे, लोकप्रतिनिधी आणि पाण्याच्या चळवळी तिच्यावर काय म्हणतात, आणि एवढ्या वादानंतर नेमके काय सुटायचे राहिले आहे, हे इथे पाहायचे आहे. सिंचनाच्या प्रश्नाला राजकीय आरोप-प्रत्यारोपांची बाजू आहे. ती वाचकांना ठाऊक आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. इथे विचार आहे तो अभियंता आणि त्याची संस्था यांच्यातल्या व्यवहाराचा.

खात्याकडून महामंडळाकडे

विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात जवळजवळ पंचवीस वर्षे काढली. खडकवासल्याचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना माहीत असतात. दख्खनच्या कालव्यांवर पाणी गावोगाव सारखे फिरावे म्हणून त्यांनी आखलेली ब्लॉक पद्धत त्या मानाने कमी जणांना माहीत असते. धरण बांधणे आणि पाणी वाटणे ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी अभियंत्याचीच होती. सर्वोच्च पदाचा रस्ता आपल्याला खुला नाही हे दिसल्यावर १९०८ मध्ये त्यांनी ते खाते सोडले. कर्तबगार अभियंता आणि त्याच्या वरची व्यवस्था यांच्यातला ताण म्हणजे काही महामंडळांच्या काळातच उगवलेली गोष्ट नव्हे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर पाटबंधारे खात्यात सचिवपदापर्यंत अभियंता जाऊ शकत होता. माधवराव चितळे त्याच वाटेने वर गेले, पुढे केंद्राच्या जलसंसाधन मंत्रालयाचे सचिव झाले आणि १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. खात्याचा कारभार संथ होता, पैसा अपुरा होता, पण कामाचा एक क्रम ठरलेला होता: सर्वेक्षण, संकल्पचित्र, अंदाजपत्रक, मंजुरी, मग निविदा.

हा क्रम विस्कटायला कृष्णेच्या पाण्याची मुदत कारण झाली. न्यायमूर्ती बचावत यांच्या लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला आणि १९७६ मध्ये पुढील अहवाल दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले. ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. तोवर आपले पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, ही भीती नव्वदच्या दशकात सगळ्या पक्षांना होती. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. म्हणून १९९६ मध्ये कायदा करून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. बाजारात रोखे काढायचे, शासनाने हमी द्यायची आणि कामे झपाट्याने उरकायची, अशी ती योजना होती. पाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा अशी आणखी चार महामंडळे आली.

त्या काळात अशा महामंडळाचे एक यशस्वी उदाहरण डोळ्यांसमोर होते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने मुख्यतः रोख्यांच्या पैशातून ७०० किलोमीटरहून लांब मार्ग १९९८ च्या जानेवारीत पुरा केला. त्याच्या प्रमुखपदी ई. श्रीधरन हे अभियंता होते आणि निर्णयाचे अधिकार त्यांच्या हातात होते. पाटबंधाऱ्यातले जुने अभियंते या उदाहरणाचा दाखला आजही देतात. दाखला खरा आहे, पण अर्धा. कोकण रेल्वेपुढे एकच मार्ग होता, त्याला दोन टोके होती आणि गाडी सुरू झाल्याच्या दिवसापासून तिकिटाचा पैसा येणार होता. तरीही कर्जाचा भार तिला पुढे जड गेला. कृष्णा खोरे महामंडळापुढे खोरेभर पसरलेले प्रकल्प होते. त्यातले कुठले आधी, हे ठरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षपदी पदसिद्ध म्हणून जलसंपदामंत्री होते. पाण्यापासून येणारे उत्पन्न तर कर्जाच्या व्याजाच्या जवळपासही जाणारे नव्हते.

टेंभू: कामाचा क्रम

या सगळ्याचा अर्थ आटपाडीच्या अनुभवातून चांगला कळतो. आटपाडी माण नदीच्या खोऱ्यात, म्हणजे भीमेच्या बाजूला, पर्जन्यछायेत आहे. कृष्णेचे पाणी इथे आपसूक येऊच शकत नाही, कारण मध्ये खानापूरचे पठार आडवे आहे. म्हणून कऱ्हाड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णेवर बंधारा घालून पाणी टप्प्याटप्प्याने उपसायचे आणि पठार ओलांडून माण खोऱ्यात उतरवायचे, अशी योजना १९९६ मध्ये मंजूर झाली. २२ टीएमसी पाणी, ८०,४७२ हेक्टर लाभक्षेत्र, आणि कऱ्हाड, कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी व सांगोला हे सात तालुके. त्यावेळचा खर्च सुमारे १,४१६ कोटी रुपये. पुढे सुधारित प्रशासकीय मान्यतांत, ज्याला खात्यात सगळे ‘सुप्रमा’ म्हणतात, तो चार हजार कोटींवर आणि अलीकडे विस्तारासह सात हजार कोटींच्या पलीकडे गेला.

खर्च का वाढला याची कारणे ठरावीक दिली जातात: दरसूची बदलली, भूसंपादन महागले, संकल्पचित्रात बदल झाले, नवी गावे आली. ती खोटी नाहीत. पण साइटवर काम केलेला अभियंता आणखी एका कारणावर बोट ठेवतो आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. पैसा कमी आणि प्रकल्प फार असले की प्रत्येकाला थोडे थोडे मिळते. काम पूर्ण बंद पडत नाही आणि संपतही नाही. ठेकेदार साइटवर असतो, यंत्रसामग्री पडून असते, भाववाढीचे कलम चालू राहते. पहिल्या टप्प्याचे पंपगृह उभे राहते, पण तिसऱ्याची ऊर्ध्वगामी नलिका अर्धी असते. उपसा योजना साखळीसारखी असते. एक टप्पा अपुरा राहिला की त्याच्या आधीच्या सगळ्या टप्प्यांवरचा पैसा अडकतो. धरण अर्धे झाले तर निदान थोडे पाणी अडेल. उपशातला एक टप्पा राहिला, तर त्याच्यापलीकडच्या तालुक्याच्या हाती काहीच लागत नाही. तो शेपटाकडचा तालुका म्हणजे आटपाडी, आणि त्याच्याही पुढे सांगोला.

दुसरा क्रमही असाच उलटा पडला. बंधारा, पंपगृह, मुख्य कालवा ही मोठ्या रकमेची कामे आधी निघाली. वितरिका, लघुवितरिका आणि शेतचाऱ्या ही बारीक, कटकटीची आणि जागोजागी भूसंपादन मागणारी कामे मागे राहिली. त्यामुळे सिंचनक्षमता निर्माण झाल्याची नोंद कागदावर झाली तरी शेतात पाणी येत नव्हते. काम सुरू झाल्यापासून टेंभूचे पाणी आटपाडीच्या तलावांत दिसायला दीड दशकाहून जास्त काळ गेला.

तिसरी गोष्ट विजेची. तिचा साधा हिशेब करता येतो. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उचलायला तत्त्वतः पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंप, मोटर आणि नळीतल्या घर्षणाची तूट धरली की ती ०.४ युनिटाच्या आसपास जाते. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. म्हणजे एक टीएमसी पाण्याला प्रत्येक शंभर मीटर उचलीमागे सुमारे १.१ कोटी युनिट वीज हवी. हा हिशेब १९९६ मध्येही कुठल्याही उपअभियंत्याला अर्ध्या तासात मांडता आला असता. बिल कोणी भरायचे हे मात्र पुष्कळ नंतर ठरले: ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी. ते ठरेपर्यंत थकबाकी, वीजतोड, मोर्चा, टंचाई निधीतून बिलाचा भरणा आणि मग आवर्तन, हे चक्र दुष्काळी तालुक्यांनी वारंवार पाहिले. प्रत्येक वेळी शेतकऱ्यांपुढे उभा राहिला तो अभियंताच.

अभियंत्यांची बाजू

मे २०१२ मध्ये विजय पांढरे यांनी मुख्यमंत्र्यांना सविस्तर पत्र लिहिले. ते त्यावेळी नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत मुख्य अभियंता होते आणि राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीवरही होते. सुप्रमांमधून फुगलेला खर्च, कामाचा घसरलेला दर्जा आणि बहुतेक उपसा योजनांवर वाया गेलेला पैसा, हे त्यांच्या पत्राचे मुख्य मुद्दे होते. पत्र फुटले, राज्यभर खळबळ झाली. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्तीसाठी अर्ज केला आणि २०१४ मध्ये ते लोकसभेच्या निवडणुकीलाही उभे राहिले.

पत्रातले आकडे काहींना मान्य झाले, काहींना नाही. पण त्यामागची व्यथा एकट्या पांढरे यांची नव्हती. सर्वेक्षण पुरे नसताना अंदाजपत्रक मागितले जाते. जमीन ताब्यात नसताना निविदा निघते. मुख्य अभियंता कार्यालयात एकाच आठवड्यात अनेक प्रस्ताव येतात आणि ते तपासायला माणसे नसतात. आक्षेप घेणाऱ्याची बदली प्रशिक्षण, संशोधन किंवा दक्षतेच्या कार्यालयात होते. खात्यात त्याला ‘साइड पोस्टिंग’ म्हणतात आणि ती शिक्षा मानली जाते. जिथे खोलवर विचार व्हायला हवा त्याच जागा शिक्षेच्या ठरल्या, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान वाटते. पाणी व्यवस्थापन शिकवणारी औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) वाल्मी ही संस्था १९८० पासून आहे, पण तिथली नेमणूक मिरवावी असे अभियंत्याला क्वचितच वाटले.

मनुष्यबळाचे दुखणे त्याहून साधे आणि जास्त व्यापक आहे. कालवा निरीक्षक, मोजणीदार, दप्तर कारकून ही पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. २०२३ च्या अखेरीस जलसंपदा विभागाने ४,४९७ पदांची जाहिरात काढली. एका जाहिरातीत एवढी पदे निघावीत, यावरूनच तोवरच्या रिकाम्या खुर्च्यांचा अंदाज यावा. ज्या कालव्यावर निरीक्षक नाही त्याचे दार रात्री कोणी उघडले हे कार्यकारी अभियंत्याला कळणार कसे?

सहीचा प्रश्न

या बाजूला भक्कम उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. महामंडळांचे कार्यकारी संचालक कोण होते? अभियंते. मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता ही सगळी उतरंड अभियंत्यांचीच. प्रत्येक सुप्रमेवर, प्रत्येक अंदाजपत्रकावर, प्रत्येक मोजमापवहीवर सही अभियंत्याची आहे. बँकेत किंवा कारखान्यात अभियंता म्हणू शकतो की वरचा व्यवस्थापक तांत्रिक माणूस नव्हता, त्याला कळले नाही. पाटबंधारे महामंडळात हे म्हणायची सोय नाही.

२०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले. जलसंपदा विभागाने नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेत निराळे चित्र मांडले. निर्माण झालेली क्षमता, प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र आणि विहिरींवरचे सिंचन यांची मोजणी वेगवेगळी होते, असा तो वाद होता आणि तो आजही पुरता मिटलेला नाही. त्यानंतर चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. त्याचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. सर्वेक्षणापूर्वीच दिलेल्या मान्यता, कामाच्या व्याप्तीत नंतर घातलेली भर, जमीन नसताना काढलेल्या निविदा, ही सगळी त्यात आली. म्हणजे अभियंते जी तक्रार करत होते तिला दुजोरा मिळाला. त्याचबरोबर त्या प्रत्येक पायरीवर अभियंत्यांची जबाबदारीही दाखवली गेली. चौकशी करणारे स्वतः त्यांच्याच व्यवसायातले सर्वांत आदरणीय गृहस्थ होते, हे विसरता येत नाही.

अभियंत्यांच्या बाजूने यावर असे म्हटले जाते की सही करणाऱ्याला नकाराचा अधिकार नव्हता. हे अर्धे पटते. लेखी नकार देण्यास कुठलाही नियम आड येत नव्हता. पण लेखी नकार दिल्यावर तो प्रस्तावासोबत वरपर्यंत जाईल, मंडळाच्या बैठकीत वाचला जाईल आणि नकार देणाऱ्याला तीन वर्षे तिथेच राहू दिले जाईल, अशी तरतूद कुठेच नव्हती. शेरा फाइलच्या आतल्या पानावर राहतो. मंडळापुढे जाते ती टिप्पणी, आणि टिप्पणीत शेऱ्याचे दोन शब्द उरले तर उरतात.

२०१२ नंतर दोन गोष्टी बदलल्या. विभागाच्या शिरोभागी भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी आले आणि अभियंता-सचिवाचे वजन कमी झाले. अभियंत्यांना ते लागले. प्रशासनाच्या बाजूचे म्हणणे असे की ज्या व्यवसायाने स्वतःवर लगाम ठेवला नाही त्याच्यावर बाहेरून ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट, विदर्भातल्या प्रकल्पांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अधिकारी आणि ठेकेदारांवर गुन्हे नोंदवले. त्यातून सावधपणा आला तसा धाकही आला. आता सही लवकर होत नाही. पूर्वी चुकीचे काम पटकन मंजूर व्हायचे, आता बरोबर कामही फाइलीत बसून राहते, असे म्हणणारे अभियंते पुष्कळ आहेत.

आटपाडीकडून पाहिले तर

वरचा सगळा वाद पुण्या-मुंबईच्या अंगाने होतो. आटपाडीत उभे राहून तो ऐकला की त्याचा सूर बदलतो. उपसा योजनांवरचा पैसा वाया गेला, असे मुख्य अभियंता म्हणतो. तो खरे बोलत असेल. पण जिथे दुसऱ्या मार्गाने पाणी येणेच शक्य नाही तिथल्या माणसाने याचा अर्थ काय घ्यायचा? आपला तालुका हिशेबात बसत नाही, असाच ना?

१९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख हे तिच्या पुढाऱ्यांत होते. सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची ही चळवळ महामंडळाच्या आधीची आहे. टेंभू मंजूर झाली ती तिच्या रेट्याने. पुढे निधी मिळत राहावा म्हणून मोर्चे, ठिय्ये आणि परिषदा चालू राहिल्या. अनिल बाबर यांच्यासारख्या इथल्या आमदारांनी आपली सगळी राजकीय ताकद याच योजनेमागे लावली. बाबर ३१ जानेवारी २०२४ रोजी गेले. विस्तारित टेंभूला आता त्यांचे नाव आहे.

लोकप्रतिनिधींची बाजू अशी: तंत्राच्या क्रमाने गेलो असतो तर शेवटचा तालुका कायम शेवटीच राहिला असता. प्रत्येक वर्षी थोडे पैसे, पण योजना जिवंत, हा राजकीय शहाणपणा होता. २०१८ मध्ये केंद्राच्या बळीराजा जलसंजीवनी योजनेत टेंभूचा समावेश झाला, तो ती अर्धवट का होईना उभी होती म्हणूनच. अभियंता ज्याला पैशाची विखुरणी म्हणतो तिला दुष्काळी तालुका आपली दोरी म्हणतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, आणि हा तिढा नुसत्या प्रामाणिक कारभाराने सुटणारा नाही.

चळवळीने तंत्रज्ञांना झिडकारले नाही, हे सांगितलेच पाहिजे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून बळीराजा धरण बांधले, तेव्हा के. आर. दाते हे नामवंत अभियंता त्यांच्यासोबत होते. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात सोपेकॉम ही संस्था काढली आणि पाण्याचे समन्यायी वाटप म्हणजे काय हे आकड्यांत मांडून दाखवले. त्याआधी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने पाणी पंचायत उभारली होती. तिथे माणशी पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी, असे नियम होते. महामंडळात जे अभियंत्याला जमले नाही ते महामंडळाबाहेरच्या अभियंत्यांनी लहान प्रमाणावर करून दाखवले. त्यांच्याकडे पैसा कमी होता, पण ठरवणे आणि निभावणे त्यांच्याच हातात होते.

बांधून झाल्यावर

वाल्मीत अध्यापन केलेले प्रदीप पुरंदरे गेली अनेक वर्षे एक वेगळीच बाजू मांडत आले आहेत, आणि तिला मिळायला हवे तेवढे लक्ष मिळालेले नाही. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की भ्रष्टाचार ही या कथेची एक बाजू आहे. कायदे आहेत पण त्यांचे नियम नाहीत, अधिसूचना नाहीत, मोजमाप नाही, म्हणजे व्यवस्थापन सुरूच झालेले नाही, ही दुसरी. २००५ मध्ये महाराष्ट्राने दोन महत्त्वाचे कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले, दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवायचे ठरवले. पहिल्या कायद्याने पाच महामंडळांना नदीखोरे अभिकरण म्हटले. नाव बदलले तरी महामंडळांचे काम, माणसे आणि सवयी बांधकामाच्याच राहिल्या.

नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी संपूर्ण प्रकल्पाचे पाणी सांभाळून दाखवले. ते धरणाच्या वाहत्या पाण्याचे उदाहरण आहे. वीजबिलावर चालणाऱ्या उपसा योजनेत संस्थेकडे पाणी सोपवायचे तर बिलही सोपवावे लागते. आणि आपल्या वाट्याचे पाणी अमुक दिवशी, अमुक घनमीटर येईल, ही हमी नसताना कोणती संस्था ते अंगावर घेईल?

आटपाडीत या प्रश्नाला एक तांत्रिक उत्तर शोधले गेले: उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळीतून वाटप. चळवळीने समन्यायी वाटपाचा आग्रह धरला होता आणि त्याला ही पद्धत सोयीची होती. जमीन संपादित करावी लागत नाही, नळी गाडली की वर शेती चालू राहते, पाझर आणि बाष्पीभवन टळते, चढउताराच्या रानात दाब मिळतो आणि प्रत्येक चकाला, म्हणजे एका तोंडावर भिजणाऱ्या शेतांच्या गटाला, मोजून पाणी देता येते. डाळिंबाला ठिबक लावणाऱ्या शेतकऱ्याला तर नळीचेच पाणी उपयोगाचे. महामंडळातल्या अभियंत्यांनी हे काम मनापासून उचलले, हे नोंदवायला हवे.

पण नळी गाडली म्हणजे वाटप झाले असे होत नाही. वरच्या चकात एक झडप जास्त उघडी राहिली की खालच्या चकाचा दाब पडतो. मापक बसवला तर तो वाचणारा माणूस हवा, गाळणी साफ करणारा हवा, फुटलेली नळी दुसऱ्या दिवशी जोडणारा हवा. बांधकामाच्या अंदाजपत्रकात या माणसांना जागा नसते. ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत संपली की जाळे उपविभागाच्या गळ्यात पडते, आणि उपविभागात माणसे किती असतात ते वर आलेच आहे. उसाचा प्रश्नही इथेच येतो. पाणी आले की वरच्या भागात ऊस वाढतो. मग आठमाही पिकांच्या हिशेबाने आखलेली नळी शेपटापर्यंत पाणी नेणार कशी? ऊस किती आणि कोणी लावायचा हे अभियंता ठरवू शकत नाही, पण त्याचा दोष त्याच्या माथी येतो.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. १९३९ च्या औंधच्या राज्यघटनेने गावच्या पंचायतींना अधिकार दिले आणि महसुलात वाटाही दिला. त्या प्रयोगात मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले अभियंता होते. बंगळूरच्या विजेच्या कारखान्याचा कारभार सोडून ते इथे आले आणि आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीशीही त्यांचा संबंध होता. जबाबदारी आणि अधिकार एकाच हाती दिले की माणसे निभावून नेतात, या विश्वासावर ते काम उभे होते. पाणीवापर संस्थेचा कायदाही तेच म्हणतो, फक्त अजून बहुतांशी कागदावर.

काय सुटायचे राहिले

बरेच निकाली निघाले आहे. प्रकल्प फार आणि पैसा कमी, या धोरणाने नुकसान झाले हे आज कोणी नाकारत नाही. सर्वेक्षणाशिवाय मान्यता चूक होती, हेही सर्वमान्य आहे. अभियंता केवळ बळी होता असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही, आणि सगळा दोष त्याचाच होता असेही नाही.

विभागाच्या शिरोभागी अभियंता असावा की प्रशासक, हा वाद चालू आहे आणि मला तो दुय्यम वाटतो. दोन्ही रचना महाराष्ट्राने अनुभवल्या. शेपटाचे पाणी दोन्हींत अपुरे राहिले. लाभधारकांचा १९ टक्के वाटा कायमचा कसा वसूल होणार, हा प्रश्न मोठा आहे. उसाच्या बिलातून पाणीपट्टी कापता येते, डाळिंबाच्या पट्टीतून ती कशी कापायची? खर्चाचा बोजा सौर ऊर्जेने हलका होईल अशी आशा आहे, पण पंप कोण चालवणार याचे उत्तर सूर्य देणार नाही.

खरे अनुत्तरित प्रश्न दोन आहेत. अभियंत्याच्या लेखी असहमतीला महामंडळाच्या निर्णयप्रक्रियेत जागा आहे का? आणि एका आवर्तनात शेवटच्या चकापर्यंत किती पाणी पोचले, याला नाव घेऊन जबाबदार असलेला, आणि त्यासाठी लागणारे पैसे व माणसे हाती असलेला अधिकारी कोण? महामंडळाला तीस वर्षे होत आली तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येत नाही. चौकशा झाल्या त्या खर्चाच्या. पाण्याच्या अशा चौकशा झालेल्या नाहीत.

विस्तारित टेंभूमुळे पूर्वी वगळलेली गावे लाभक्षेत्रात येत आहेत. वाढीव पाणी, नवे टप्पे, नव्या निविदा यांचे हे दिवस आहेत, आणि पुढच्या तीस वर्षांची तक्रार याच दिवसांत जन्माला येत असते. म्हणून जलसंपदा विभागाला आणि महामंडळाच्या नियामक मंडळाला विनंती आहे. प्रत्येक नव्या कामाच्या मान्यतेसोबत तीन कागद जोडावेत आणि ते आटपाडीच्या तहसील कार्यालयाच्या फलकावरही लावावेत: वार्षिक वीजबिल आणि ते भरणाऱ्याचे नाव, जाळे चालवायला लागणारी पदे आणि त्यातली भरलेली किती, आणि प्रस्तावावर अभियंत्यांनी घेतलेले आक्षेप त्यांच्याच शब्दांत. आटपाडीच्या शेतकऱ्यांनीही पुढच्या पाणी परिषदेत ठेकेदाराचे नाव विचारण्याआधी हे तीन कागद मागावेत.